नागपुरातला पहिला हिवाळा: रात्रीच्या गरम जेवणाची घडी कशी बसवावी

नागपूरला बदली झाली म्हटलं की सगळे उन्हाळ्याबद्दल बजावतात. कूलर घ्या, दुपारी बाहेर पडू नका, खिशात कांदा ठेवा. हिवाळ्याबद्दल कोणी काही सांगत नाही. मी चिपळूणहून इथे आलो तो नोव्हेंबरात, आणि डिसेंबरच्या मध्यावर रात्रीचं जेवण हा माझ्यापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न झाला. दुपारी ऊन असतं, त्यामुळे दिवसभर कळत नाही. दिवे लागले की हवा एकदम उतरते. रात्री दहाच्या खाली पारा जाणं इथे नवलाचं नाही. २०१८ च्या डिसेंबर अखेरीस तर तो ३.५ अंशांवर आला होता. अशा हवेत खानावळीचा डबा घरी पोचेपर्यंत भाजीवरचं तेल थिजलेलं असायचं आणि पोळी वातड झालेली. महिनाभर तसं जेवलो, पोट बिघडवून घेतलं, मग स्वतः करायला लागलो.

नीट जमायला मला तीन हिवाळे लागले. तुम्ही शिकायला, नोकरीला किंवा बदलीवर इथे नुकतेच आला असाल आणि भाड्याच्या खोलीत एक-दोन शेगड्यांवर स्वयंपाक करत असाल, तर तुम्हाला एवढा वेळ लागू नये म्हणून हे लिहितो आहे. मूळ गोष्ट एकच आहे: थंडीत पदार्थ कमी करा, पण ते तव्यावरून थेट ताटात येऊ द्या. एक पातळ कढत पदार्थ, एक भाकर, बाजूला चटणी. एवढं जमलं तर पोट भरतं, अंगात ऊब येते आणि रात्री साडेआठला ओटा पुसून मोकळे होता.

१. आधी गॅसची सोय

नवीन माणसाची गाडी इथेच अडते, म्हणून हे पहिलं. घरमालकाने गॅस दिलेला नसेल तर दोन मार्ग आहेत.

नियमित जोडणीसाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि बँक खात्याचा तपशील लागतो. भाडेकरूंना पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार चालतो. करारावरचं तुमचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः सारखं आहे ना, हे एजन्सीत जाण्याआधी बघा. माझ्या करारात वडिलांचं नाव राहून गेलं होतं, त्यामुळे मला दोन खेपा जास्त पडल्या.

चार-सहा महिन्यांसाठीच आला असाल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. एकट्या माणसाला तो बरेच दिवस जातो.

आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. थंडी वाढली की खिडक्या-दारं लावून आत कोळशाची शेगडी ठेवायची, किंवा खोली गरम व्हावी म्हणून गॅस पेटता सोडायचा, असं काही जण करतात. कृपा करून करू नका. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि झोपेत काही कळत नाही. स्वयंपाक करताना खिडकी चार बोटं उघडी ठेवा, थंडी वाजली तर स्वेटर घाला.

२. बाजारात जाण्याआधी शब्द शिकून घ्या

पहिल्या आठवड्यात गोकुळपेठेच्या बाजारात मी कोथिंबीर मागितली. भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "सांबार पाहिजे का?" मला वाटलं त्या इडलीबरोबरच्या सांबाराबद्दल बोलतायत. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिची वडी म्हणजे सांबारवडी, ती इथली खासियत आहे.

आणखी काही शब्द: बटाटा म्हणजे आलू. शेंगदाणे म्हणजे फल्लीदाणे आणि त्यांचं तेल ते फल्ली तेल. टोमॅटोला जुनी माणसं भेदरं म्हणतात. पातेलं म्हणजे गंज. उलथणं म्हणजे सराटा. भाकरीला भाकर. पिठल्याला चून किंवा नुसतंच बेसन, त्यामुळे "आज बेसन केलं" हे वाक्य ऐकून गोंधळू नका. आणि पोपट मागितला तर पक्षी मिळत नाही. पोपटाच्या शेंगा म्हणजे वालाच्या जातीच्या हिरव्या शेंगा, थंडीतच येतात.

रोजची भाजी गोकुळपेठेत किंवा तुमच्या भागातल्या आठवडी बाजारात मिळते. मंगळवारी, बुधवार बाजार ही नावं वारांवरूनच पडलेली आहेत. जास्त प्रमाणात आणि ताजी हवी असेल तर सकाळी कॉटन मार्केट. मसाले, डाळी, गूळ, सुकी मिरची यांसाठी महिन्यातून एकदा इतवारीत जावं. डिसेंबरात अधिवेशन सुरू असलं की विधानभवन आणि सिव्हिल लाइन्सकडची वाहतूक वळवतात, मोर्चेही असतात. त्या दिवसांत संध्याकाळच्या भाजीसाठी बर्डीकडे, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात न जाता घराजवळचाच बाजार गाठा.

थंडीत काय घ्यायचं? तुरीच्या ओल्या शेंगा, पोपट, वाटाणा, मेथी, पालक, आंबट चुका, कांद्याची पात, हरभऱ्याची कोवळी भाजी, भरताची वांगी, मुळा, गाजर. या दिवसांत या भाज्या स्वस्तही असतात आणि चवीलाही भरलेल्या असतात. ढेमसं, दोडकी उन्हाळ्या-पावसाळ्यासाठी राहू द्या.

३. भांडी आणि किराणा

भांडी थोडीच पुरतात:

लोखंडी तवा, जाड बुडाचा
तीन लिटरचा कुकर
एक जाड गंज, झाकणासकट
परात
सराटा आणि एक मोठा डाव
छोटा खलबत्ता
फोडणीची पळी

नॉनस्टिक तव्यावर भाकर करू नका. तिला हवी तितकी धग तो तवा सोसत नाही.

किराण्यात ज्वारीचं पीठ, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, तूरडाळ, हरभराडाळ, तांदूळ, फल्लीदाणे, जवस, लसूण, हिंग, जिरं, मोहरी, चिंच आणि तेल. हळद वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची मिळाली तर जरूर घ्या. रंगाला आणि वासाला गडद असते, म्हणून नेहमीपेक्षा कमी टाका. तिखट भिवापूरच्या मिरचीचं मिळतं. भिवापूर नागपूर जिल्ह्यातलंच. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे त्या नावावर काहीही विकलं जातं. पावशेराहून जास्त एकदम घेऊ नका, आधी एक भाजी करून बघा.

बेसन पाकिटातलं घेण्याऐवजी हरभराडाळ चक्कीवर दळून आणली तर चव खूप वेगळी येते. जाडसर दळायला सांगा. गोळाभातासाठी तसंच लागतं आणि चूनही चांगलं होतं. भेसळीची शंकाही राहत नाही. स्वस्त बेसनात लाखोळीच्या डाळीची भेसळ होते, आणि ती डाळ सतत पोटात गेली तर पायांवर वाईट परिणाम होऊ शकतो.

४. भाकर

यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण भाकर आली की बाकी सगळं आपोआप सोपं होतं.

कोकणात आमच्याकडे तांदळाची भाकरी. उकड काढायची सवय मला होती, पण ज्वारीला मी थंड पाणी घातलं. भाकर थापतानाच फाटली. शेजारच्या काकू दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "बाप्पा, थंड पाण्यानं भिजवून राहिले का? कढत पाणी घ्या न जी." त्यांनी मला हाताला धरून शिकवलं, आणि तीच पद्धत इथे देतो.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि त्यानेच भाकर धरून राहते. त्यामुळे पाणी उकळलेलं हवं, कोमट नव्हे. दोन मध्यम भाकरींना दीड वाटी पीठ घ्या. परातीत पीठ, मधे खड्डा, चिमूटभर मीठ. त्यात अर्धी वाटी उकळतं पाणी ओता, सराट्याने ढवळा, दोन मिनिटं झाकून ठेवा. मग लागेल तसं साधं पाणी घेत तळहाताच्या उंचवट्याने रगडून मळा. पाच मिनिटं तरी. हात थकले पाहिजेत. कणीक मऊ, लुसलुशीत झाली आणि बोटाने दाबल्यावर कडेला भेग पडली नाही की झाली.

एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. सगळं एकदम मळून ठेवलं तर दुसरी भाकर करेपर्यंत ते सुकतं आणि फाटतं. थंडीत हे फार लवकर होतं.

परातीत पीठ भुरभुरवून, गोळा ठेवून बोटांनी थापा, फिरवत राहा. पहिल्या महिन्यात लहान करा, तळहाताएवढी. तवा आधी कडक तापलेला हवा. भाकर टाकली की वरच्या, म्हणजे पिठाच्या बाजूला पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकायच्या आत उलटा. ती बाजू नीट भाजली की तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरा. फुगली तर उत्तमच. नाही फुगली तरी खाताना छान लागते, मन लावून खा.

फसतं कुठे ते सांगतो. पीठ जुनं असणं हे पहिलं कारण. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांच्या वर ठेवू नका. जुन्या पिठाची भाकर कितीही मळा, कडू लागते आणि चिरते. दुसरं, पाण्याचा हात उशिरा फिरवणं. मग वरचा थर पांढरा, कोरडा राहतो. तिसरं, मंद आच. मंद आचेवरची भाकर पापडासारखी कडक होते.

बाजरीचीही हीच रीत. ऐन थंडीत, संक्रांतीच्या आसपास आठवड्यातून दोनदा बाजरी करा, वरून लोण्याचा किंवा तुपाचा गोळा. बाजरीचं पीठ आणखी लवकर कडू होतं, पाव-पाव किलोच दळून आणा.

५. पहिला पदार्थ: चून

दमून आलेल्या दिवशी वीस मिनिटांत होतं.

दोन माणसांना एक वाटी बेसन, साडेतीन वाट्या पाणी, एक मोठा कांदा, पाच-सहा लसणीच्या पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या, तीन मोठे चमचे तेल. बेसन एक वाटी पाण्यात कालवून गुठळी न राहता ठेवा. गंजात तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेली लसूण-मिरची, मग कांदा. कांदा गुलाबी झाला की हळद, अर्धा चमचा तिखट, उरलेलं पाणी, मीठ. खळखळून उकळी आल्यावरच कालवलेलं बेसन एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळा. आच कमी करून झाकण ठेवा आणि सात-आठ मिनिटं शिजू द्या.

घाई फक्त शेवटच्या पायरीवर होते. वरून घट्ट दिसलं की गॅस बंद केला जातो आणि बेसन कच्चं राहतं. मग रात्रभर पोट दुखतं. डावातून पडताना चकाकी दिसली आणि कडेने तेलाचे थेंब सुटले की मगच उतरवा. गार होताना ते आणखी आळतं, म्हणून गंजात थोडं पातळच ठेवा.

मेथी किंवा पालक चिरून त्याच फोडणीत घातलं आणि बेसन निम्मं केलं की झालं आळण. पालेभाजी, रस्सा आणि पोटभर पदार्थ एकाच गंजात. एकट्या माणसासाठी याहून सोयीचं मला अजून काही सापडलेलं नाही.

६. तुरीच्या दाण्यांची आमटी

नागपूरच्या थंडीतला माझा सगळ्यात आवडता पदार्थ. ओल्या तुरीचे हिरवे दाणे, म्हणजे सोले. डिसेंबरात येऊ लागतात आणि जानेवारीत भर असतो.

शेंगा घेताना हिरव्या, टपोऱ्या, दाणा हाताला लागणाऱ्या घ्या. पिवळट, सुरकुतलेल्या नकोत. शेंगेवर भोक दिसलं तर आत अळी असते. सोललेले दाणेही मापाने मिळतात, पण ते कधी सोललेत हे कळत नाही, म्हणून मी शेंगाच आणतो. अर्धा किलो शेंगांत दोन माणसांच्या आमटीपुरते दाणे निघतात. रविवारी दुपारी गच्चीत उन्हात बसून सोलायच्या. या शहरातल्या हिवाळ्याच्या दुपारी मला एवढ्या प्रिय आहेत की सोलण्याचं काम मी कोणाला देत नाही.

कृती अशी. दाणे चमचाभर तेलात मध्यम आचेवर परता. हिरवा रंग किंचित बदलतो, एक-दोन दाणे तडकतात, भाजक्या शेंगेसारखा वास सुटतो. इथे घाई केली तर आमटीला कच्चा, गवतासारखा वास येतो. मूठभर दाणे बाजूला काढून बाकीचे आठ लसणीच्या पाकळ्या, पाच-सहा हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरं आणि सांबाराच्या काड्यांसकट जाडंभरडं वाटा. पाट्यावर होत असेल तर छानच. मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवा, गंध करू नका.

गंजात दोन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग. बारीक चिरलेला कांदा, तो लाल झाला की वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. हळद, मीठ. चार वाट्या उकळतं पाणी घाला. गार पाणी घातलं तर आमटी फिकी पडते आणि उकळायलाही वेळ लागतो. राखून ठेवलेले अख्खे दाणे टाका आणि दहा-बारा मिनिटं उकळू द्या. काही घरांत यात वांग्याच्या फोडी घालतात, काही ठिकाणी मुगवड्या तळून. दोन्ही मला आवडतात, पण पहिल्यांदा साधीच करा म्हणजे दाण्याची चव कळेल. गूळ, खोबरं घालण्याचा मोह कोकणातल्या माणसाला होतो. मी घालून बघितलं, दाण्याची गोडी त्यात हरवते.

आमटी पातळच असावी. भाकर कुस्करून वाटीत घालायची, वर आमटी ओतायची, कच्चा कांदा आणि लिंबू. हेच दाणे तांदळाबरोबर शिजवले की सोलेभात. त्याला वेगळी कृती देत नाही. मसालेभात येत असेल तर भाज्यांच्या जागी सोले घाला आणि मसाला निम्मा करा.

७. भरीत

मोठं, चकचकीत, हाताला हलकं लागणारं वांगं घ्या. जड वांग्यात बिया जास्त. सुरीने चार ठिकाणी टोचा, तेलाचा हात लावा, थेट आचेवर सगळ्या बाजूंनी साल काळी होऊन आतून रस गळेपर्यंत भाजा. न टोचता भाजलेलं वांगं फुटतं आणि ओटाभर उडतं. त्याच आचेवर शेवटी चार-पाच मिरच्या भाजून घ्या.

साल काढा, पण नळाखाली धरू नका. धुतलं की धुराची चव गेली. मिरच्या, लसूण, मीठ खलबत्त्यात ठेचून त्यात वांगं कालवा, मग तेलात फल्लीदाणे आणि भरपूर कांद्याची पात परतून वर ओता. सांबार सढळ हाताने. भरताला तेल कमी पडलं की ते कोरडं, तुरट लागतं. दोन माणसांना तीन मोठे चमचे तेल धरा.

या दिवसांत कोणी शेतावर रोडग्यांना बोलावलं तर नक्की जा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे आणि चुलीवरची वांग्याची भाजी हे खोलीतल्या शेगडीवर होण्यासारखं नाही.

८. सुटीच्या दिवशी गोळाभात

पाहुणे आले किंवा चार मित्र जमले की हा करावा.

दोन वाट्या तांदूळ धुऊन ठेवा. दीड वाटी जाडसर हरभराडाळीच्या पिठात तिखट, हळद, हिंग, मीठ, जिरं आणि तीन मोठे चमचे गरम तेल घाला. हाताने चोळा. पाणी अगदी शिंपडून घट्ट मळा आणि लिंबाएवढे गोळे वळा. गंजात तांदूळ नेहमीपेक्षा थोड्या जास्त पाण्यात, म्हणजे सहा वाट्यांत शिजायला ठेवा. भात अर्धा शिजून वर पाणी दिसत असतानाच गोळे अलगद सोडा. झाकण, मंद आच, पंधरा मिनिटं. डाव फिरवू नका, गोळे फुटतात.

गोळे आतून कच्चे राहणं किंवा दगड होणं, या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच: पीठ बारीक आणि तेल कमी. जाडसर पीठ आणि मोहन पुरेसं असलं की गोळा हाताने फोडल्यावर भुगा होतो.

वाढताना ताटात भात, त्यावर गोळा कुस्करायचा आणि मोहरी, हिंग, सुक्या लाल मिरच्यांची कडक फोडणी केलेलं तेल वर घ्यायचं. हे तेल वेगळ्या वाटीत ताटाशेजारी ठेवतात. सोबत आंबट कढी किंवा चिंचेचं सार.

कढीसाठी दही लागतं आणि इथेच थंडीत अडचण होते. रात्री विरजण लावलं तर सकाळी दूधच असतं. दूध नेहमीपेक्षा थोडं जास्त गरम असताना, बोट बुडवून दहा अंक मोजता येतील इतपत, विरजण घाला. एक वाटी दुधाला एक चमचा. भांडं टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात खोचून ठेवा. दहा-बारा तास लागतील. कढीला आंबटपणा हवा असल्याने आणखी अर्धा दिवस बाहेर राहू द्या.

९. सावजी आणि पाटोडीबद्दल

नागपूर म्हटलं की सगळ्यांना सावजी आठवतं. हा मसाला आणि ही पद्धत इथल्या विणकर, हलबा कोष्टी समाजातून आली. मटण, चिकन, खूर, अंडी, पाटोडी, सगळं त्या काळपट-लाल रश्शात. आधी सावजी भोजनालयात जाऊन जेवा. कसं असायला हवं हे कळल्याशिवाय घरी करू नका. नंतर इतवारीतून तयार मसाला आणा आणि दुकानदार सांगेल त्याच्या निम्मा घाला. रात्री सावजी खाऊन लगेच झोपू नका, दीड-दोन तास जाऊ द्या. पोटाचा त्रास असेल तर दुपारीच खा.

पाटोडीचा रस्सा भाकर आणि चून दोन्ही हातात बसल्यावर करा. पाटोडी म्हणजे घट्ट शिजवलेलं बेसन थापून पाडलेल्या वड्या, त्यामुळे चून नीट जमत असेल तर अर्धं काम आलंच आहे.

१०. एका शेगडीवरचा क्रम

सगळं येत असूनही माझं जेवण दोन वर्षं गारच होत होतं, कारण मी भाकरी आधी करून ठेवायचो. आता क्रम असा.

घरी आल्याबरोबर पाणी उकळायला ठेवा. त्यातलं भाकरीला, आमटीला आणि प्यायला. तेवढ्यात कांदा-लसूण चिरून होतं. मग आमटी किंवा चून. शिजलं की गंज उतरवून जाड कापडात गुंडाळा. अर्धा तास कढत राहतो. आता तवा. पहिली भाकर होता होता ताटं मांडा. ताट-वाटीवर उरलेलं गरम पाणी ओतून पुसा. स्टीलच्या गार ताटात वाढलेली आमटी दोन मिनिटांत निवते, त्याच्यासाठी एवढी खटपट करावी लागते. दोघं असाल तर एकाने थापावी, दुसऱ्याने जेवावं, मग अदलाबदल. इथल्या घरांत अजूनही थंडीत असंच होतं आणि त्यात काही गैर नाही.

फारच उशीर होणार असेल तर डाळभाजी. तूरडाळ अर्धी वाटी, हरभराडाळ पाव वाटी, दोन्ही तासभर भिजवलेल्या, मूठभर फल्लीदाणे, एक जुडी पालक, थोडा आंबट चुका, सगळं कुकरला चार शिट्ट्या. घोटा, लसूण आणि लाल मिरचीची फोडणी द्या. सकाळी कुकर लावून ठेवला तर संध्याकाळी फक्त उकळी आणि फोडणी.

११. चटणी आणि उरलेलं

जवसाची चटणी महिन्यातून एकदा करून बरणीत ठेवा. वाटीभर जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. तडतड थांबण्याआधीच उतरवा, पुढे गेलं की कडू होतं. चार सुक्या मिरच्या, दहा लसणीच्या पाकळ्या, जिरं, मीठ घालून जाडसर कुटा. जेवताना वर कच्चं फल्ली तेल.

भाकर उरली तर सकाळी चुरून कांद्याबरोबर फोडणीला घाला. चून मात्र ठेवू नका, तितकंच करा.

तुरीच्या शेंगा फेब्रुवारीत राठ व्हायला लागतात. त्याआधी दोन-तीन किलो आणून सोला, दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून लगेच गार पाण्यात काढा, कापडावर पूर्ण कोरडे करा आणि एका वेळच्या आमटीपुरते वेगवेगळ्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. ओले भरले तर बर्फाचा एकच गड्डा होतो. वापरताना वितळू न देता थेट तेलात परता.